टाकीचं नाक

मोटार बंद पडली ती बरोबर मधोमध,
जिथून तापीचे दोन्ही काठ सारखेच लांब
आणि प्रकाशाचा पूल म्हणजे
उन्हात कुणीतरी विसरलेली फूटपट्टी.
होडीत बर्फाच्या तीन लाद्या,
भुश्यात लोळवून गोणपाटात बांधलेल्या.
पल्याड कटल्याचे सात क्रेट, आणि घड्याळ बघणारा व्यापारी.

दोरी ओढली. पुन्हा ओढली.
प्लग काढला, शर्टाला पुसला, फुंकला, बसवला.
नळीवरचा रबरी फुगा दाबला
तर तो दबलेलाच राहिला,
रुसल्या पोरासारखा, वर येईना.
कंपनीला शिवी दिली.
शहाद्याच्या पंपवाल्याला दिली, पाणी मिसळतो म्हणून.
ऑइलचं माप चुकलं असेल म्हणून
एक स्वतःलाही दिली, हळूच.

लोटन भोई पुढच्या टोकाला, पाठ करून.
वल्ह्यावर हाडं घडलेला माणूस,
मोटारीशी त्याचं अजून बोलणं नाही.
बर्फ गळत होता. टप.
होडीच्या तळात, पाण्याच्या वर, आणखी पाणी.

मग तो उठला. मोटारीकडे बघितलंच नाही.
पायाशी लाल टाकी होती,
चिलमीचा शेवटचा झुरका ओढताना
म्हाताऱ्याचे गाल आत जातात
तशी दोन्ही अंगांनी आत ओढलेली.
तासभर मी तिच्यावरच पाय ठेवून बसलो होतो.

झाकणावरचा बारका स्क्रू
त्यानं दोन बोटांत धरला. दीड आटा.
सूंऽ करत हवा आत शिरली,
प्लास्टिक टॉक् वाजलं, गाल बाहेर आले.
"तिले नाक शे, भो," तो म्हणाला,
"तुनी ते दाबी धरं."

धरलं होतं खरं. पक्कड लावून.
आदल्या रात्री वहीत हिशोब मांडताना
वाटलं होतं, अर्धा लिटर तर नुसता वासातच जातो.

पल्याड पोचेतो तीनच्या दोन लाद्या उरल्या.
व्यापाऱ्यानं तिसरीचे पैसे कापले.
फुटका तुकडा लोटननं ओल्या गोणपाटाखाली
टाकीच्या पाठीवर ठेवला,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

मला वाटलं, शिकलो.
त्या रात्री टाकी घरात आणली, खाटेखाली सारली,
स्क्रू मुद्दाम सैल सोडला. घे बाई श्वास.

लोटन दारात आला तो बिडी ओढत
आणि उंबऱ्यावर थांबला, नाक वर करून.
मागे फिरला. बिडी अंगणात वाळूत खोल दाबली.
मग आत आला, खाली वाकला, दीड आटा उलटा.
बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत कातडी
खवले काढलेल्या मरळीसारखी, गुळगुळीत.
"पानीवर उघाडं, घरमा बंद.
इतलंच शे."

कुणाचं घर, कुठली चूल,
त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
त्याची जुनी लाकडी होडी काठावर पालथी असते.
तिच्या कडेला निळ्या रंगात अजून वाचता येतं
'हिलाल लोटन'. पुढचं उडालंय.

वैशाखात आता आणखी एक शिकलोय.
दुपारी टाकी फुगून टुम्म होते,
तेव्हा आधी फडकं, मग पाव आटा,
मांजरासारखी फिस्कारू द्यायची,
तोंड बाजूला करून थांबायचं.
हे तो बोलला नाही, नुसतं करून दाखवलं.

माझ्या भाविकानं नेलपॉलिशचे दोन ठिपके दिलेत,
एक झाकणावर, एक स्क्रूवर.
समोरासमोर आले की बंद.
काठ सुटला की मी त्यांची ताटातूट करतो.

लोटन बघतो.
पाठ करूनच बघतो.